विद्वत्सभेचा संसार

१५ सप्टेंबर १८८३ या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आज आपण ज्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो तेथे, मुंबईतील आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी एक मंडळ काढले. प्राणिसृष्टीविषयीची आपापली टिपणे एकमेकांस वाचून दाखवावी व कोणास काही विशेष नमुना गवसल्यास तो सर्वांपुढे मांडावा, एवढाच त्यांचा माफक हेतू होता. आठांपैकी सहा युरोपीय होते आणि दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, व्याकरणकार दादोबांचे बंधू, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक व १८७९ सालचे मुंबईचे शेरीफ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे आणि ज्यांच्या खटल्याने पुढे सारा देश हलला त्या रखमाबाईंचे सावत्र वडील. हे मंडळ म्हणजेच बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी. ती अजून चालू आहे, हे विशेष. कारण त्या काळात निघालेल्या अशा सभांची नावे लिहू गेल्यास कागद पुरणार नाही, आणि त्यांतील बहुतेक आज नुसत्या नावानेच उरल्या आहेत.

विद्वत्सभा जगतात कशावर, आणि मरतात कशाने, हा आमचा आजचा विषय. विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण शोध सांगतो, शोधकांची चरित्रे सांगतो. परंतु ज्या खोलीत तो शोध प्रथम वाचला गेला त्या खोलीचे भाडे कोण देत होते, हे कोणी सांगत नाही. आम्हांस तीच गोष्ट अधिक मनोरंजक वाटते.

माजिवड्यासारख्या ठिकाणी आज ‘सोसायटी’ हा शब्द उच्चारला की कोणाच्याही डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. पाण्याची टाकी, गाड्या लावण्याची जागा, थकलेली देणी आणि वार्षिक सर्वसाधारण सभेतील भांडणे. यात हसण्यासारखे काही नाही. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, कमिटी, इतिवृत्ताची वही, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, सूचक आणि अनुमोदक, हे सारे यंत्र विद्वत्सभांनीही जसेच्या तसे वापरले आहे. इमारतीचा कारभार पाहिलेल्या माणसास विद्वत्सभेचा कारभार निराळा शिकवावा लागत नाही. फरक इतकाच की तेथे टाकीच्या जागी ग्रंथालय असते आणि गळतीच्या जागी नियतकालिकाचा तोटा.

या यंत्राचा मूळ नमुना लंडनची रॉयल सोसायटी. ती १६६० साली निघाली व १६६२ साली तिला राजाची सनद मिळाली. परंतु सनद म्हणजे पैसा नव्हे. सभासदांच्या वर्गणीवरच तिला जगावे लागले, आणि येथेच एक खोच उत्पन्न झाली. वर्गणी हवी म्हणजे सभासद हवेत. सभासद पुष्कळ हवेत म्हणजे विद्वान नसलेलेही हवेत. त्यामुळे सरदार, दरकदार, पाद्री, हौशी श्रीमंत यांची तेथे गर्दी झाली आणि खरे काम करणारे बाजूस पडले. १८३० साली चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने इंग्लंडातील विज्ञानाच्या अवनतीवर एक पुस्तकच लिहून सोसायटीच्या कारभाराचे वाभाडे काढले. गणनयंत्राचा जनक म्हणून आज ज्याचे नाव घेतात तोच हा. त्याचा स्वभाव तिखट होता व त्याने पुष्कळांस दुखविले, हे खरे. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुढे १८४७ साली सोसायटीने नियम बदलले. वर्षातून एकदाच निवडणूक घ्यावी आणि त्या वेळी पंधराच नवे सभासद घ्यावेत, असे ठरले. या एका आकड्याने सोसायटीचे रूप पालटले. तो क्लब होता, त्याची विद्वत्सभा झाली. एखाद्या संस्थेचा आत्मा कधी कधी तिच्या घटनेतील एका कलमात असतो, तो असा.

दुसरा एक नियम याहूनही दूरवर पोहोचला. १८३२ च्या सुमारास, आलेला निबंध छापण्यापूर्वी जाणकारांकडे पाठवून त्यांचा लेखी अभिप्राय मागविण्याची पद्धत त्या सोसायटीत सुरू झाली. आज जगातील प्रत्येक शास्त्रीय नियतकालिक हेच करते. निबंध वाचणे आणि निबंध स्वीकारणे या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या झाल्या. आपल्याकडील कित्येक मंडळांत त्या अजून वेगळ्या झालेल्या नाहीत. वक्ता थोर असला की त्याचे भाषण छापायचेच, मग त्यात काही असो वा नसो.

आता मुंबईकडे वळू. येथील पहिली विद्वत्सभा १८०४ सालची. मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळ येथे काही मंडळी जमवून लिटररी सोसायटी स्थापिली. १८३० च्या सुमारास ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि टाउन हॉल बांधून झाल्यावर तेथे राहावयास गेली. पांढऱ्या खांबांची आणि उंच पायऱ्यांची ती इमारत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पण त्या पायऱ्या चढण्याचा अधिकार कोणास? सोसायटी ज्या लोकांच्या भाषा, नाणी, लेणी व ताम्रपट यांचा अभ्यास करीत होती, त्या लोकांस सभासद होण्यास पहिली पस्तीस वर्षे तेथे जागा नव्हती. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांचे नाव पुढे आले तेव्हा आधी ते नाकारले गेले. १८४० साली त्यांस प्रवेश मिळाला.

निवडीची रीत येथे सांगितली पाहिजे. इंग्रजी क्लबांत व सभांत उमेदवाराचे नाव एकाने सुचवावे, दुसऱ्याने अनुमोदावे, मग ते काही दिवस भिंतीवर लावून ठेवावे आणि शेवटी गुप्त मतदान घ्यावे, असा प्रघात असे. मतदानास पुष्कळ ठिकाणी गोळ्या वापरीत. पांढरी गोळी पसंतीची, काळी नापसंतीची. पेटीत हात घालून गोळी सोडायची. कोणी कोणती सोडली हे कोणास कळत नाही. थोड्या काळ्या गोळ्या निघाल्या तरी उमेदवार पडे. कारण द्यावे लागत नसे, सही करावी लागत नसे. भेदभाव करणाऱ्यास याहून सोयीचे साधन शोधूनही सापडणार नाही. घटनेत ‘एतद्देशीयांस मज्जाव’ असे एक अक्षर न लिहिता दार बंद ठेवता येते.

यातील गंमत अशी की, मुंबईत हे चालले असता त्याच मुंबईचे अर्देसर कर्सेटजी वाडिया, जहाजबांधणीच्या घराण्यातील अभियंते, १८४१ साली खुद्द लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. तो मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. दुसरे हिंदी गृहस्थ श्रीनिवास रामानुजन, आणि त्यांची निवड १९१८ सालची! मध्ये ७७ वर्षे गेली. स्त्रियांना तर त्या सोसायटीचे सभासदत्व मिळावयास १९४५ साल उजाडले. १९०२ साली हर्था एर्टन या विदुषीचे नाव सुचविले गेले तेव्हा, विवाहित स्त्रीस कायद्याने सभासद होता येत नाही असा सल्ला मिळाला. दोन वर्षांनी तिचा निबंध मात्र तिच्याच तोंडून ऐकण्यात आला. निबंध चालतो, बाई चालत नाही, असा हा न्याय.

एशियाटिकमध्ये एकदा दार किलकिले झाल्यावर आपल्या लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. डॉ. भाऊ दाजी दिवसा रोगी तपासीत आणि उरल्या वेळात शिलालेख वाचीत. ते सोसायटीचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव ठाणे जिल्ह्यास तरी विसरता येणार नाही. १८८२ साली नालासोपाऱ्यास, जे तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होते व २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, त्यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखले जाणारे टेकाड खणले. आत विटांचा स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा, त्याभोवती बुद्धमूर्ती, करंड्यात एकात एक ठेवलेले आणखी करंडे, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय? मातीच्या भांड्याचे काही तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते कोणी श्रद्धेने जपले होते. पंडितजींनी त्यावर लिहिलेला निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये आला आणि करंडे सोसायटीकडे गेले. तरीही एतद्देशीय अध्यक्ष होण्यास १८९२ साल यावे लागले. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे ते अध्यक्ष. स्थापनेपासून ८८ वर्षांनी!

आपल्या लोकांनी स्वतःची सभा काढली नाही काय? काढली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापिली. दादाभाई नौरोजी हे तीतील प्रमुखांपैकी एक. तिच्या कारभारात एक गोष्ट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. मुख्य सभेचे काम इंग्रजीत चाले, परंतु त्याच वर्षी तिने मराठी व गुजराती अशा ज्ञानप्रसारक शाखा उघडल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. तेथे वाचलेले निबंध छापण्यासाठी ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० साली निघाले व १८६७ पर्यंत चालले. मराठीतून पदार्थविज्ञान, भूगोल, रसायन सांगता येते की नाही, यावर वाद घालीत न बसता ती मंडळी सांगू लागली. वर्गणीच्या पैशातून मुलींच्या शाळाही त्यांनीच चालविल्या.

अशा सभांचा पसारा वाढला तसा कायद्याचा प्रश्न आला. सभेच्या मालकीचे कपाट कोणाचे? चिटणीस वारले तर बँकेतील पैसा कोणाच्या नावे? सभेवर दावा लावायचा झाला तर तो कोणावर? यासाठी १८६० चा एकविसावा कायदा, सोसायटीज रजिस्ट्रेशन अॅक्ट, झाला. तो वाङ्मयीन, शास्त्रीय व धर्मादाय सभांसाठीच केलेला होता. हा कायदा आम्ही प्रत्येक मंडळाच्या चिटणिसास एकदा तरी वाचावयास सांगू. तो लहान आहे आणि त्यात माणसाच्या स्वभावाची उत्तम पारख आहे. सात माणसे एकत्र आली की सभा नोंदविता येते. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा अधिक थकली असेल त्यास मत नाही. सभेचा मूळ हेतू बदलायचा असेल तर खास सभा बोलवावी, तीन पंचमांश मते मिळवावी, आणि पुन्हा एक महिन्यानंतर दुसरी सभा बोलावून तितक्याच मतांनी तो ठराव कायम करावा. म्हणजे एका रात्रीच्या उत्साहात किंवा रागात सभेची दिशा फिरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम हे की, सभा मोडली तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यायची नाही. ती तशाच दुसऱ्या सभेकडे जावी. धंद्याची कंपनी आणि विद्येची सभा यांतील भेद या एका कलमात आला. महाराष्ट्रात पुढे १९५० च्या विश्वस्त कायद्याने यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. आज गावोगावच्या मंडळांस हिशेब तेथे द्यावे लागतात.

कायदा सभेस कागदावर जिवंत ठेवतो. खोलीत तिला जिवंत ठेवतो तो चिटणीस. अशा मंडळांच्या अध्यक्षपदी पुष्कळदा गव्हर्नरसाहेब असत. त्यांच्या नावाने देणग्या येत, निमंत्रणपत्रिकेस वजन येई. काम चिटणीस करी, आणि तेही बिनपगारी. नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पहिले चिटणीस एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. हे साताऱ्यात जन्मलेले, मिठाच्या व जकातीच्या खात्यातील अधिकारी, आणि ‘एहा’ या टोपणनावाने अत्यंत विनोदी लिहिणारे. त्यांच्यानंतर १८८६ साली हर्बर्ट फिप्सन आले आणि १९०६ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, त्यांनी हे काम वाहिले. फिप्सन दारूचे व्यापारी होते. अपोलो स्ट्रीटवरील आपल्या पेढीची जागा त्यांनी सोसायटीस दिली. म्हणजे हिंदुस्थानातील सृष्टिविज्ञान काही काळ मद्याच्या पेढीत नांदले, हे आमच्या दारूबंदीवाल्या मित्रांनी कृपा करून मनावर घेऊ नये.

त्या जागेत १८९४ पासून २६ वर्षे एक जिवंत सभासदही होता. त्याचे नाव विल्यम. हा एक थोरला धनेश पक्षी. चिटणिसाच्या खुर्चीमागे त्याचा पिंजरा असे. १९२० साली तो वारला. सोसायटीच्या बोधचिन्हावर धनेश आहे व तिच्या इमारतीचे नाव हॉर्नबिल हाउस आहे.

एटकिन आणि रॉबर्ट स्टर्नडेल यांनी १८८६ च्या जानेवारीत सोसायटीचे जर्नल सुरू केले आणि आमच्या मते तिचे आयुष्य त्या दिवशी ठरले. मुंबईच्या खोलीतील सभेस फार तर पन्नास माणसे येणार. पण कारवारचा जंगल अधिकारी, क्वेट्ट्याचा लष्करी डॉक्टर, आसामचा चहामळेवाला, यांनी वर्गणी का भरावी? सभेस तर ते कधीच येणार नाहीत. त्यांस वर्गणीच्या मोबदल्यात जर्नल मिळे, आणि त्यांनी पाठविलेले टिपण त्यांच्या नावानिशी त्यात छापून येई. शिवाय जर्नलच्या अदलाबदलीत इतर देशांच्या सभांची नियतकालिके फुकट येत व त्यावर ग्रंथालय वाढे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांची मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवरील लेखमाला याच जर्नलमध्ये आली. पुढे १९११ पासून सुमारे बारा वर्षे सोसायटीने साऱ्या देशातील सस्तन प्राण्यांची पाहणी केली. तिचे पहिले क्षेत्र आपले खानदेश. त्यासाठी सभासदांनी, संस्थानिकांनी व सरकारने मिळून पैसा दिला. हे काम एका खात्याने अंगावर घेतले असते तर किती झाले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याच सोसायटीच्या दारात १९०८ साली एक लहान मुलगा हातात मेलेली चिमणी घेऊन उभा राहिला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका कसा, हे त्यास विचारायचे होते. त्याचे मामा सभासद होते म्हणून त्यास ओळखीची चिठ्ठी मिळाली. तेव्हाचे चिटणीस मिलार्ड यांनी त्यास हाकलून न देता कपाटे उघडून पक्ष्यांचे नमुने दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. येथे दोन्ही गोष्टी लक्षात घ्याव्या. चिटणिसाचे औदार्य खरे. पण मामा सभासद नसते तर ती चिमणी खेतवाडीतच राहिली असती, हेही खरे. चिठ्ठी नसलेली किती मुले त्या काळी पायऱ्यांवरून परत फिरली असतील, त्यांची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नसते.

आणि ज्या सभा गेल्या त्यांचे काय? १८३१ साली मुंबईत भूगोल सभा निघाली होती. बाँबे टाइम्सचे संपादक डॉ. जॉर्ज ब्यूइस्ट हे काही काळ तिचे चिटणीस होते. हा विलक्षण उद्योगी मनुष्य. पाऊस, भरतीओहोटी, धूमकेतू, कशावरही लिहीत. ती सभा १८७३ साली एशियाटिकमध्ये विलीन झाली. आमचा तर्क असा की, एकाच माणसाच्या उत्साहावर चाललेली सभा त्या माणसामागे फार दिवस टिकत नाही. फिप्सनने वीस वर्षे काम केले, हे मोठेच. त्याहून मोठे हे की त्याच्या जागी मिलार्ड तयार होता.

ठाण्याचा या इतिहासाशी संबंध सोपाऱ्यापुरताच नाही. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जेथे मध्यवर्ती तुरुंग आहे तेथे, खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचे ताम्रपट सापडले. शके ९३९ मधील ते दानपत्र. त्याचे भाषांतर कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १७८८ साली प्रसिद्ध झाले, आणि तेही पहिल्याच खंडात. देशातील पहिल्या विद्वत्सभेच्या पहिल्या ग्रंथात आपले गाव आहे. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे यांनी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, तेही याच वर्गणी, चिटणीस आणि वार्षिक सभेच्या यंत्रावर. ते आजही चालू आहे. आणि ज्या वसंत व्याख्यानमालांची परंपरा आपण पुढे चालवितो, ती न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास घातली. तीही अशाच पठडीतील.

ठाण्याची खाडी पुष्कळ वर्षे केवळ दुर्गंधीसाठी प्रसिद्ध होती. तेथे रोहित पक्ष्यांचे थवे येतात, त्यांची मोजदाद व अभ्यास नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यकर्त्यांनी केला. २०१५ साली खाडीचा एक भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला व २०२२ साली त्यास रामसर यादीत स्थान मिळाले. माजिवड्याहून कोळशेतच्या किंवा येऊरच्या बाजूस सकाळी फिरावयास जाणारे पुष्कळ लोक आमच्या ओळखीचे आहेत. त्यांतील काही वर्षानुवर्षे त्याच वाटेने जातात आणि कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात आला हे तोंडी सांगतात. जर्नलमध्ये किरकोळ टिपणांचा विभाग अजून आहे. टिपण पाठविण्यास पदवी लागत नाही, लेखनाचा सराव लागत नाही. दिवस, वेळ, जागा, संख्या आणि पाहणाराचे नाव बिनचूक लागते. आलेले टिपण जाणकार तपासतात, शंका विचारतात, कधी परतही पाठवितात.